विडंबनातला शोधनिबंध: चूक एकच, बाकी सगळं काटेकोर

विद्वत्तेचा आव आणणाऱ्या लिखाणाची थट्टा करायची म्हटली की बहुतेकांचा हात आधी शब्दकोशाकडे जातो. 'परिप्रेक्ष्य', 'अन्वयार्थ', 'बहुआयामी' असे वीसेक शब्द एका परिच्छेदात कोंबले की काम झालं असं त्यांना वाटतं. वाचक पहिल्या दोन ओळींना हसतो, तिसरीला कंटाळतो आणि पाचवीला निघून जातो. शब्दबंबाळ भाषा ही या प्रकाराची नुसती वेशभूषा. हसू येतं ते तर्कामुळे. प्रत्येक पायरी नियमाला धरून, प्रत्येक वाक्य सभ्य, आधार अस्सल, आणि एवढं सगळं करून पोचलो कुठे, तर गाढवाला उंटाच्या गळ्यात बांधायला.

ते गाढव पंचतंत्रातलं. 'अपरीक्षितकारक' या पाचव्या तंत्रात चार पंडितांची गोष्ट येते. बारा वर्षं शास्त्रं शिकून ते परत निघतात आणि वाटेत दोन रस्ते फुटतात. कुठल्या रस्त्याने जायचं? गावातल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा वारलेला असतो आणि महाजन अंत्ययात्रेला चाललेले असतात. एक पंडित पोथी उघडतो: 'महाजनो येन गतः स पन्थाः.' चौघे स्मशानात पोचतात. तिथे गाढव उभं असतं. दुसरा पोथी उघडतो: 'राजद्वारे श्मशाने च यस्तिष्ठति स बान्धवः.' स्मशानात उभा आहे म्हणजे हा आपला बांधव. लगेच कोणी गाढवाच्या गळ्यात पडतो, कोणी त्याचे पाय धुतो. तेवढ्यात उंट धावत येतो. 'धर्मस्य त्वरिता गतिः', म्हणजे हा साक्षात धर्म. आणि 'इष्टं धर्मेण योजयेत्', म्हणजे इष्टाला धर्माशी जोडावं. बांधलं गाढव उंटाच्या गळ्यात.

या गोष्टीत खोटं वचन एकही नाही. वचनांचा क्रम बरोबर, प्रत्येक निष्कर्ष आधीच्या आधारातून सरळ निघतो. 'महाजन' म्हणजे थोर माणसं की बाजारपेठेतली मंडळी, 'स्मशानात साथ देणारा' म्हणजे संकटातला सोबती की तिथे चरणारा प्राणी, एवढंच कोणी तपासत नाही. वचनातला शब्द आणि समोरची वस्तू यांचं नातं न तपासणं ही एकच चूक चार वेळा, पूर्ण निष्ठेने केली जाते. विडंबन रचायचं असेल तर हा सांगाडा आधी पाठ करावा. चूक एक, बाकी सगळं काटेकोर.

दुसरा नमुना भौतिकशास्त्रातला आहे आणि रचनेच्या दृष्टीने मला तो सर्वांत सुबक वाटतो. जानेवारी १९३१ मध्ये 'नाटुरविसनशाफ्टन' या जर्मन विज्ञान-नियतकालिकात गिडो बेक, हान्स बेटे आणि वोल्फगांग रीत्सलर या तरुण शास्त्रज्ञांची छोटीशी टीप छापून आली. त्या काळात आर्थर एडिंग्टन हे नामवंत खगोलशास्त्रज्ञ एका स्थिरांकाच्या मागे लागले होते. विद्युतचुंबकीय बलाचा जोर सांगणारा 'अल्फा' नावाचा हा स्थिरांक सुमारे १ भागिले १३७ एवढा भरतो आणि हा १३७ आकडा निव्वळ विचाराने सिद्ध करता येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. या तिघांनी तीच पद्धत उचलली. स्फटिकातल्या हालचालीच्या सगळ्या शक्यता गोठल्या की केवल शून्य तापमान येतं. इलेक्ट्रॉनच्या वाट्याला १३७ शक्यता, प्रोटॉनच्या वाट्याला तेवढ्याच, त्यातून एक वजा. २ × १३७ − १ = २७३. आणि केवल शून्य असतं उणे २७३ अंश सेल्सिअसला.

गणित बरोबर आहे, आकडा जुळतो, भाषा नियतकालिकाला शोभणारी आहे. चूक एकाच जागी. अल्फाला एकक नाही, २७३ ला आहे. २७३ हा आकडा माणसाने पाण्याचा गोठणबिंदू शून्यावर ठेवला आणि तिथून उत्कलनबिंदूपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग केले म्हणून आला. फॅरनहाइटमध्ये तेच तापमान उणे ४५९.६७ होतं, मग १३७ कुठेच बसत नाही. संपादकांना ही थट्टा आहे हे छापल्यानंतर कळलं आणि मार्चमध्ये खुलासा छापावा लागला. वेळ लागला याचं कारण उघड आहे: टिपेत एकही वाक्य वाचकाकडे बघून हसत नव्हतं.

चूक कुठली निवडायची

लिहायला बसण्याआधी एका चिठ्ठीवर चूक साध्या भाषेत एका वाक्यात लिहून काढा. 'शोध थांबणं हा परिणाम आहे, मी तो जागेचा गुण मानतो आहे' असं काहीतरी. एका वाक्यात मांडता आली नाही, तर ती चूक नाही, गोंधळ आहे. आणि गोंधळाला कोणी हसत नाही. ही चूक लेखाच्या पहिल्या पाचव्या हिश्श्यात आली पाहिजे, शक्यतो व्याख्या किंवा गृहीतक म्हणून, कारण व्याख्येशी कोणी भांडत नाही. उशिरा आणलेली चूक वाचकाला लबाडी वाटते. त्याने तुमच्यावर विश्वास ठेवून सात परिच्छेद वाचलेले असतात आणि आठव्यात तुम्ही पत्ता बदलता.

उपयोगी पडणाऱ्या चुका फार नाहीत. शब्दाचा अर्थ मध्येच बदलणं ही पंचतंत्राची. वेगवेगळी एककं एका समीकरणात बसवणं ही १९३१ ची. कारण आणि परिणाम उलटे करणं सर्वांत सोपं, म्हणून सर्वांत वापरून गुळगुळीत झालेलं. निष्कर्ष व्याख्येतच दडवून मग तो कष्टाने 'शोधून काढणं' हे माझ्या मते सर्वांत फलदायी. खाली याच प्रकाराचं उदाहरण घेतलं आहे.

उरलेल्या दोन चुका संख्याशास्त्रातल्या. डिसेंबर २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने एक चाचणी छापली: विमानातून उडी मारताना पॅराशूट वापरल्याने मृत्यू किंवा गंभीर इजा टळते का? २३ जण सहभागी झाले, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटले गेले. एका गटाला पॅराशूट, दुसऱ्याला रिकामी पाठपिशवी. दोन्ही गटांत मृत्यू व गंभीर इजा शून्य टक्के, म्हणून पॅराशूटचा फायदा दिसून आला नाही. विमान जमिनीवर उभं होतं आणि उडीची सरासरी उंची ०.६ मीटर होती. ही गोष्ट लपवलेली नाही. अभ्यासाची मर्यादा नोंदवावी त्याच स्वरात ती सांगितलेली आहे. नमुना कुठून घेतला हे न बघता निष्कर्ष सर्वांना लावण्याची सवय किती धोक्याची, हे त्या एका वाक्याने दाखवलं.

दुसरी चूक म्हणजे अनेक ठिकाणी तपासून कुठेतरी काहीतरी सापडलं की त्याला शोध म्हणणं. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि त्या माणसांच्या भावना ओळखायला सांगितल्या. हजारो बिंदूंची एकेक करून चाचणी केली की काही निकाल निव्वळ योगायोगाने जुळतात; त्याबद्दलची दुरुस्ती केली नाही, तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही काही बिंदू 'सक्रिय' दिसतात. दुरुस्ती केली की ते नाहीसे होतात. २०१२ मध्ये या कामाला इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. मासा यंत्रात ठेवताना जिवंत नव्हता, हे त्यांनी माशाचं वजन-लांबी सांगतात त्याच ओघात सांगितलं आहे. विडंबन शिकणाऱ्याने तो ओघ अभ्यासावा.

अजिबात चूक नसलेलीही एक शाखा आहे: क्षुल्लक विषय आणि पूर्ण गंभीर पद्धत. २००५ मध्ये मेलबर्नच्या एका संशोधनसंस्थेत ७० चमच्यांवर खुणा करून ते चहाच्या खोल्यांत ठेवले गेले. पाच महिन्यांत ५६ गायब झाले. चमच्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे चमचे नाहीसे व्हायला लागणारा काळ, ८१ दिवस निघालं. इथे सगळं खरं आहे. 'अर्धायुष्य' ही किरणोत्सर्गाची संकल्पना चमच्याला लावली एवढंच. मात्र या शाखेत खरोखर मोजावं लागतं. आकडे मनाने लिहिले तर वाचकाला ते कळतं, कारण खऱ्या मोजणीत नेहमी एखादी गैरसोयीची नोंद असते आणि मनच्या आकड्यांत ती नसते.

एक नमुना रचून पाहू: चष्मा

निरीक्षण सर्वांना माहीत असलेलं घ्या: हरवलेली वस्तू नेहमी आपण शेवटी बघतो त्याच जागी सापडते. हे शंभर टक्के खरं आहे, कारण सापडल्यावर कोणी पुढे शोधत नाही. आता हेच जागेचं वैशिष्ट्य मानायचं.

शीर्षक: 'शोधप्रक्रियेतील अंत्यस्थानाचे प्राबल्य: चष्म्याच्या विशेष संदर्भात एक चिकित्सक अभ्यास'. भाववाचक नाम, मग विसर्गासारखं चिन्ह, मग 'विशेष संदर्भात', मग 'चिकित्सक अभ्यास'. मराठी प्रबंधांची ही घडण वाचकाच्या कानात बसलेली असते, ती मोडू नका. आठ ते बारा शब्द पुरेत. शीर्षकात विनोद करायचा नाही. चष्मा हा शब्दच पुरेसा आहे.

व्याख्या: 'ज्या स्थानी वस्तू प्राप्त होते व ज्यानंतर अन्य कोणतेही स्थान तपासले जात नाही, त्यास प्रस्तुत निबंधात अंत्यस्थान असे संबोधले आहे.' चूक इथे आत आली. वस्तू सापडणं हे अंत्यस्थानाच्या व्याख्येतच बसलं आहे, तेव्हा पुढे ती तिथे सापडणारच. वाक्य मुद्दाम कोरडं आणि समजायला सोपं ठेवलं आहे.

प्रचलित मताचा परामर्श: 'चष्मा जिथे ठेवलेला असतो तिथेच सापडतो, असे एक मत सामान्यतः आढळते. तथापि शोधाच्या वेळी सदर स्थान ज्ञात नसल्याने या मताची पडताळणी संभवत नाही.' विरोधी बाजू अशी सौजन्याने बाजूला सारायची असते. तिची टर उडवू नये. ती बरोबर असून निकालात निघाली, यातच गंमत आहे.

प्रयोग: पाच शोध. प्रत्येक वेळी किती जागा तपासल्या आणि चष्मा कितव्या जागी मिळाला, हे दोन रकान्यांत. पहिल्या शोधात ४ आणि ४, दुसऱ्यात ७ आणि ७, तिसऱ्यात २ आणि २, चौथ्यात ९ आणि ९, पाचव्यात १ आणि १. तक्ता पूर्ण छापा. वाचकाने दोन्ही रकाने डोळ्यांनी वाचले पाहिजेत. खाली एक ओळ: 'सहसंबंध गुणांक १.००'. हे गणित खरं आहे: हा गुणांक दोन रकाने किती सोबत बदलतात ते सांगतो, आणि दोन सारख्या रकान्यांसाठी तो १ येतो. चौथ्या शोधाला तळटीप द्या: 'नववे स्थान शोधकाचे कपाळ. हे स्थान शोधकासोबत स्थलांतर करत असल्याने पहिल्या आठ स्थानांच्या तपासणीतही ते उपस्थित होते.' उपहासाचा एकही शब्द न वापरता चित्र डोळ्यांपुढे उभं राहतं.

शिफारस: 'तपासलेल्या स्थानांची सरासरी ४.६ भरते. शोधाचा प्रारंभ अंत्यस्थानापासूनच केल्यास प्रत्येक शोधात ३.६ स्थानांचे, म्हणजे ७८.२६ टक्के श्रम वाचतात.' सरासरी करून बघा, भागाकार करून बघा, दोन्ही बरोबर आहेत. हा आग्रह सोडू नका. वाचकांत एक तरी जण कागद-पेन्सिल घेतो आणि टक्केवारी चुकलेली निघाली तर विडंबन तिथेच कोसळतं, कारण आता चूक तर्काची राहत नाही, लेखकाची होते.

चर्चा: इथे तीक्ष्ण वाचकासाठी किल्ली ठेवायची. 'एका पूरक प्रयोगात चष्मा प्राप्त झाल्यानंतरही आणखी एक स्थान तपासण्यात आले. त्या शोधात चष्मा अंत्यस्थानी नव्हे, तर उपांत्यस्थानी आढळला. यावरून अंत्यस्थानाचे प्राबल्य शोधकाच्या थांबण्याच्या सवयीशी निगडित असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही.' हे वाचून ज्याला उलगडा होतो, तो दुसऱ्यांदा सुरुवातीपासून वाचतो. आणि लेखक? सत्याच्या दारात पोचून तो नम्रपणे पुढे जातो. 'पुढील संशोधनाच्या दिशा' या शीर्षकाखाली तो विचारतो: दोन चष्मे एकाच वेळी हरवल्यास दोन अंत्यस्थाने संभवतात काय?

हा सगळा निबंध दीड ते दोन पानांत बसला पाहिजे. बाराशे शब्दांपलीकडे एकच चूक ओढत नेता येत नाही, आणि दुसरी आणली तर पहिली फिकी पडते. लांबीबद्दल काटकसरीची परिसीमा १९७४ मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस'ने दाखवली. लिहिणं अडण्याच्या विकारावर स्वतःच केलेल्या अयशस्वी उपचाराबद्दल डेनिस अपर यांचा निबंध त्यात आला: शीर्षक, लेखकाचं नाव, आणि त्याखाली कोरं पान. सोबत परीक्षकाचा अभिप्रायही छापला होता. लिंबाचा रस आणि क्ष-किरण लावून हस्तलिखित तपासलं, मांडणीत वा शैलीत एकही दोष आढळला नाही, असं त्यात म्हटलं होतं.

भाषा

नवशिके इथेच सर्वांत जास्त घसरतात, म्हणून थोडं सविस्तर.

जडपणाची वाटणी उलटी करायची. क्षुल्लक गोष्ट जड वाक्यात, महत्त्वाची चूक हलक्या वाक्यात. 'चष्मा टेबलावर होता' याचं 'चष्म्याचे टेबलपृष्ठाधिष्ठित अस्तित्व निदर्शनास आले' करा. व्याख्या मात्र शाळकरी पोराला कळेल अशी ठेवा. वाचकाचं लक्ष अवजड शब्द उचलण्यात गुंततं आणि चूक शेजारून निघून जाते. असं फार जड वाक्य पानाला एकच. सगळीच वाक्यं तशी लिहिली तर ती वाचलीच जात नाहीत, आणि न वाचलेल्या विनोदाला कोण हसणार?

नव्या संज्ञा जास्तीत जास्त तीन, प्रत्येकीची व्याख्या दिलेली, आणि व्याख्येनंतर ती किमान चार वेळा वापरलेली. चष्म्याच्या निबंधात दोनच आहेत: अंत्यस्थान आणि उपांत्यस्थान. '-त्व', '-करण', '-सापेक्ष' हे प्रत्यय एका वाक्यात एकदाच. 'असे आढळून आले', 'असे म्हटल्यास वावगे ठरू नये', 'परामर्श घेणे क्रमप्राप्त ठरते', 'सदर', 'उपरोक्त' ही ठेवणीतली अवजारं. प्रत्येक एकदा वापरून पेटीत ठेवा. 'असे म्हटल्यास वावगे ठरू नये' हे तर अशा विधानाला जोडावं ज्याला कोणी कधी वावगं म्हणणारच नाही.

क्रियापद कर्मणी. चष्मा कोणी शोधला हे कळू द्यायचं नाही. 'शोध घेण्यात आला'. कर्ता आलाच तर 'आम्ही'. या 'आम्ही'ची एक सुंदर खरी गोष्ट आहे. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने लिहिलेल्या निबंधात सगळीकडे 'आम्ही' वापरलं होतं. एकट्या लेखकाने तसं लिहिलेलं नियतकालिकाला चालणार नाही, असं एका सहकाऱ्याने लक्षात आणून दिलं. सगळं पुन्हा टंकलिखित करण्याऐवजी त्याने आपल्या चेस्टर या सयामी मांजराला 'एफ. डी. सी. विलर्ड' या नावाने सहलेखक केलं, आणि निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये तसाच छापून आला. मजकुराला धक्का न लावता नियम पाळला गेला. विडंबनातली प्रत्येक युक्ती अशी नियमाच्या आतून यायला हवी.

आकड्यांत दशांश उपकरणाला झेपतील त्याहून दोन जास्त द्यावेत आणि उपकरणाचं नाव प्रामाणिकपणे सांगावं: 'सरासरी शोधकाल ४ मिनिटे १७.३८ सेकंद (भिंतीवरील घड्याळानुसार).' कंसातला मजकूर महत्त्वाचा आहे, तो काढला तर उरतो नुसता आकडा.

तळटिपांबद्दल थोडक्यात: दोन परिच्छेदांमागे एकपेक्षा जास्त नको. उघड गोष्टीची व्याख्या करणारी एक आणि नको तिथे प्रामाणिक होणारी एक, एवढ्या दोन पुरतात. संदर्भ रचायचे असतील तर नियतकालिकाचं नाव काल्पनिक ठेवा. हयात अभ्यासकाच्या नावावर न लिहिलेलं वाक्य कधीही घालू नये. १९४८ मध्ये आयझॅक असिमोव्ह यांनी थायोटिमोलीन नावाच्या काल्पनिक रसायनावर लिहिलेल्या निबंधाची गोम तीच होती: पाणी टाकण्याच्या १.१२ सेकंद आधीच विरघळणारा पदार्थ, त्यावर तक्ते, आलेख आणि कुठेच अस्तित्वात नसलेल्या नियतकालिकांचे संदर्भ. एक अशक्य गुणधर्म मान्य केला की पुढचं सगळं रसायनशास्त्र जबाबदारीने चालतं.

काय बिघडतं

डोळा मारणं हा पहिला रोग. लेखकाला धीर धरवत नाही, वाचकाला कळेल की नाही अशी धास्ती वाटते, आणि मग प्राध्यापकांचं आडनाव 'पोकळे' ठेवलं जातं, विद्यापीठाचं नाव कोटी करून पाडलं जातं, उद्गारचिन्हं येतात. यातलं एकही चिन्ह दिसलं की वाचक 'बरं, थट्टा आहे तर' म्हणून तर्क तपासणं सोडून देतो. तपासणं थांबलं की चूक सापडण्याचा आनंदही गेला. उपाय यांत्रिक आहे: मसुदा झाल्यावर जिथे जिथे लिहिताना स्वतःला हसू आलं त्या जागा शोधा आणि त्यातली विशेषणं काढून टाका. उरलेलं वाक्य बहुधा जास्त हसवतं.

दुसरा रोग निष्कर्ष फार लवकर वेडगळ होण्याचा. पहिल्या परिच्छेदातच चष्म्याला आत्मा आहे म्हटलं, तर चढायला पायऱ्याच उरत नाहीत. वेडेपणा हळूहळू वाढला पाहिजे आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरून सहज ठेवता येण्याजोगी हवी. तपासायची सोपी रीत: कुठलेही दोन लागोपाठचे परिच्छेद एकट्याने वाचा. ते शहाणे वाटले पाहिजेत. पहिला आणि शेवटचा शेजारी ठेवले तर मात्र वाटता कामा नयेत.

तिसरं, खऱ्या माहितीत चूक. विडंबनात येणारा खरा नियम, खरं सूत्र, संस्कृत वचन अक्षरशः बरोबर हवं. पंचतंत्रातल्या पंडितांनी वचनं चुकीची म्हटली असती तर ते मूर्ख ठरले असते आणि गोष्ट विस्मरणात गेली असती. ते बरोबर म्हणतात, म्हणून बोचतं.

चौथी गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते: रोख कुणावर आहे. अवघड शब्द वापरणारा प्रत्येक जण आव आणत नसतो; 'सहसंबंध गुणांक' ही कामाची संज्ञा आहे, तिला पर्याय नाही. बोलीतून आलेला, पहिल्यांदाच प्रबंध लिहिणारा विद्यार्थी जड मराठी लिहितो ते बहुधा भीतीपोटी. त्याची वाक्यं उचलून हसवणं सोपं आहे आणि हलकं आहे. निशाणा तर्काच्या सवयीवर ठेवा: व्याख्येतच उत्तर दडवणं, सोयीचा नमुना घेणं, थोरांच्या वचनाने पुराव्याची जागा भरणं. या सवयी सर्व विद्याशाखांत, सर्व भाषांत, मोठ्या पदांवरही आढळतात. म्हणून पंचतंत्र, १९३१ ची टीप आणि मेलेला मासा हे तिन्ही नमुने त्या त्या विषयाच्या जाणकारांनीच रचले. आतून माहीत असल्याशिवाय ही चूक नेमकी कुठे बसवायची ते कळत नाही.

यंत्राने हा प्रकार रचण्याचे प्रयत्नही झाले. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी 'सायजेन' नावाचा प्रोग्रॅम बनवला. व्याकरणाच्या साच्यात संज्ञा भरून तो संगणकशास्त्राचे अर्थहीन निबंध आलेखांसह तयार करतो. त्यातला एक निबंध एका परिषदेने स्वीकारला. परिषदेचा ढिसाळपणा उघडा पाडायला तो पुरेसा होता, पण वाचायला बसलं तर तो निबंध हसवत नाही, कारण त्यात तर्कच नाही, म्हणून चूकही नाही. अ‍ॅलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये 'सोशल टेक्स्ट' या सांस्कृतिक अभ्यासाच्या नियतकालिकात थट्टा म्हणून छापून आणलेला क्वांटम गुरुत्वाकर्षणावरचा निबंध हाताने रचलेला होता, आणि त्यातला फरक लगेच जाणवतो: तिथे अवतरणं खरी आहेत आणि त्यांच्यामधले सांधे पोकळ. सोकलनी दुसऱ्या नियतकालिकात लगेच उलगडाही केला.

उलगड्याचा हा भाग टाळू नये. सायजेनने बनवलेले निबंध लोक खरे म्हणून खपवत राहिले. २०१४ मध्ये दोन मोठ्या प्रकाशकांना असे शंभराहून जास्त निबंध मागे घ्यावे लागले. स्वतःचं विडंबन प्रसिद्ध करताना 'विडंबन' हा शब्द शीर्षकाशेजारी लिहिला तर चूक शोधण्याची मजा जाते, आणि कुठेच लिहिला नाही तर कोणीतरी तुमचा ७८.२६ टक्के आकडा उचलून पुढे पाठवतो. म्हणून तो शब्द वर्गवारीत आणि निबंधाच्या अगदी शेवटच्या ओळीखाली ठेवा. तक्ता चित्र म्हणून टाकणार असाल, तर त्या चित्राच्या चौकटीतही, उजव्या कोपऱ्यात, बारीक पण वाचता येईल अशा अक्षरात तो हवा, कारण लेखापासून सुटून एकट्याने फिरतो तो नेहमी तक्ताच.